बाबांशी बोलू द्या त्यांना

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे, निवृत्त भाषाशिक्षक. जिभेच्या उजव्या कडेला दोन महिने एक फोड होता, बराच होत नव्हता. बायोप्सीत कॅन्सर निघाला. एमआरआयमध्ये गाठ अडीच सेंटिमीटरची, आठ मिलिमीटर खोल. मानेत काही नाही. आम्ही हेड अँड नेक सर्जनना भेटलो. आत जाण्याआधीच भावाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की बाबांसमोर आजाराचं नाव काढू नका. घरी आम्ही 'अल्सर आहे, छोटंसं ऑपरेशन आहे' एवढंच सांगितलंय. डॉक्टरांनी बाबांची जीभ बोटांनी चेपून पाहिली, तीन बोटं उभी धरून तोंड किती उघडतं ते बघितलं, मनगट दाबलं. कोणत्या हाताने लिहिता, दिवसभर किती बोलता, रात्री सोबत कोण असतं, असलंच काहीतरी विचारत राहिले. आजाराबद्दल मात्र आम्हाला बाहेर जेमतेम पाच मिनिटं सांगितलं : जिभेचा जवळजवळ अर्धा भाग काढावा लागेल, हातावरची कातडी तिथे लावू, मानेचंही ऑपरेशन करू. निघताना म्हणाले, "पुढच्या भेटीत मला त्यांच्याशीच बोलायचंय." मान स्वच्छ आहे तर मानेला हात कशाला? काका म्हणतात, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर हे रागावतील का? आणि बाबांना सांगायचं का? ते खचतील. रोज सकाळी सगळ्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस आहे हो तो.
— एक मुलगी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूने आणि एकदा त्या डॉक्टरांच्या खुर्चीतून, कारण हेड अँड नेक सर्जन म्हणून माझी बरीच वर्षं त्याच खुर्चीत गेली आहेत. शेवटचा प्रश्न आधी घेते, बाकीचे सगळे त्याच्यावरच टेकले आहेत. बाबांना सांगा. तुमच्या तोंडून शब्द फुटत नसेल तर डॉक्टरांना सांगू द्या. पण ऑपरेशनच्या आधी, आणि बाबा समोर बसलेले असताना.

डॉक्टर पाचच मिनिटं बोलले, हे तुम्हाला लागलं. साहजिक आहे. पण दार उघडायच्या आधीच तुमच्या भावाने त्यांचं तोंड बंद केलं होतं. ज्याची जीभ, त्याच्याशीच जिभेबद्दल बोलायचं नाही, या अटीवर कोण मोकळेपणाने बोलू शकेल? मग जे बोलता येईना ते त्यांनी हातांनी तपासलं आणि आडून विचारलं. तुम्हाला जे 'असलंच काहीतरी' वाटलं, त्यात त्यांची ऑपरेशनची आखणी चालली होती. मी ती तुम्हाला उलगडून सांगते.

जीभ चेपून पाहिली, कारण एमआरआय चित्र दाखवतो, पण कडकपणा बोटालाच कळतो. वरून दिसणारा फोड लहान असतो आणि त्याच्याखाली, स्नायूंत, घट्ट झालेला भाग त्याहून मोठा असतो. तो कुठे संपतो आणि मऊ, निरोगी जीभ कुठे सुरू होते, ही सीमा बोटाने शोधायची असते; ऑपरेशनच्या टेबलावरही आम्ही सुरी धरण्याआधी पुन्हा तेच करतो. बाबांना जीभ बाहेर काढायला सांगितली असेल, तर ती एका बाजूला वळते का हे ते पाहत असणार. जीभ हलवणाऱ्या नसेला धक्का लागला असेल तर ती वाकडी येते. आठ मिलिमीटर खोली हा आकडाही क्षुल्लक समजू नका. २०१७ मध्ये कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या नियमावलीची आठवी आवृत्ती आली, तेव्हापासून तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ किती पसरट आहे याच्या जोडीला ती किती खोल गेली आहे हेही मोजलं जातं, कारण खोलीवरून मानेत पेशी पोचल्या असण्याचा अंदाज येतो. तुमच्या मानेच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतं. त्याकडे मी येणारच आहे.

तीन बोटं उभी धरली, कारण तोंड तेवढं उघडत असेल तर बरं असतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना श्वासनलिकेत नळी घालायची असते आणि सर्जनला आत काम करायचं असतं. पुढे रेडिएशन लागलंच तर जबडा आवळत जातो, तेव्हा आज किती उघडत होतं ही नोंद कामी येते.

आणि ते मनगट. याच्यावर मला थोडं थांबायचंय.

काढलेल्या अर्ध्या जिभेच्या जागी मनगटाच्या वरची, हाताच्या आतल्या अंगाची पातळ कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट उचलून लावतात. चीनमधल्या सर्जननी १९८१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरली जाते, कारण ही कातडी पातळ असते, लवचीक असते, जिभेसारखी वळते. पण तिच्याबरोबर हाताची एक मुख्य धमनी जाते. म्हणजे उरलेल्या दुसऱ्या धमनीवर पंजा जगला पाहिजे. तो जगेल का, हे पाहायला रुग्णाला मूठ आवळायला सांगायची, मनगटावरच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनी दाबून धरायच्या, मग मूठ उघडायला लावायची. तळवा पांढराफटक पडतो. आता करंगळीकडचा अंगठा तेवढा उचलायचा. काही सेकंदांत तळव्यावर गुलाबी रंग भरत येतो, करंगळीकडून अंगठ्याकडे, अगदी डोळ्यांदेखत. रंग आला की तो हात चालतो. नाही आला तर दुसरी जागा शोधायची. कोणत्या हाताने लिहिता हे का विचारलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. उजव्या हाताने लिहिणाऱ्या शिक्षकाचा शक्यतो डावाच हात घ्यायचा. जखमेवर बहुधा मांडीची पातळ त्वचा लावतात, डाग राहतो, पण लिहिता हात सुटतो.

ती कातडी तोंडात नुसती शिवून भागत नाही. तिची दोन-तीन मिलिमीटर रुंदीची धमनी आणि शीर मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची असते, केसापेक्षा बारीक धाग्याने. म्हणून ही ऑपरेशनं सात-आठ तास, कधी त्याहून जास्त चालतात. त्यानंतरचे दोन-तीन दिवस खरे जागरणाचे. नर्स रात्री दर तासाला टॉर्च घेऊन येते, नव्या जिभेचा रंग बघते, बोटाने दाबून बघते. शंका आली तर सुई टोचून रक्त पाहतात. लालभडक थेंब सावकाश आला तर ठीक. काळपट रक्त भराभर आलं तर शीर तुंबली आहे, रक्त आलंच नाही तर धमनी बंद आहे, आणि मग मध्यरात्र असली तरी रुग्णाला परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं. शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास कातडी तगते. उरलेल्या पाचांसाठी ते जागरण असतं. बाबांना ही बाई रात्रभर आपल्या तोंडात उजेड का पाडते आहे हे माहीत नसेल, तर त्यांनी काय समजायचं?

'दिवसभर किती बोलता' आणि 'रात्री सोबत कोण असतं' हे प्रश्न त्याच्याही पुढचे आहेत. ऑपरेशननंतर तोंड सुजतं. श्वास अडू नये म्हणून गळ्याला पुढून छोटं छिद्र पाडून नळी ठेवतात, नाकातून पोटात दुसरी नळी जाते. ही गळ्यातली नळी तात्पुरती असते, पण ती असेपर्यंत आवाज फुटत नाही. हवा स्वरयंत्रापर्यंत जातच नाही, मग आवाज कुठून येणार. काही दिवस सगळं पाटीवर किंवा कागदावर लिहून सांगायचं. लिहिता येणारा, सोबतीला हाक न मारता खूण करू शकणारा, घरी नळीची काळजी घेणारं माणूस असलेला रुग्ण आणि एकटा, निरक्षर रुग्ण यांच्यासाठी आम्ही वेगवेगळी तयारी करतो. ते डॉक्टर ती तयारी करत होते.

आता मी तुम्हाला एक सांगते, जे मी सहसा लिहीत नाही. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका गृहस्थांच्या मुलांनी अशीच विनंती केली होती, आणि मी ती मानली. सही घेतली, 'जिभेवरची जखम काढतोय' असं काहीतरी बोलले. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडला गेले तर ते जागे होते. गळ्यात नळी, नाकात नळी, मानेला टाके, डाव्या हाताला पट्टी. त्यांनी कागद मागितला. त्यावर लिहिलं, 'माझा आवाज कोणी नेला?' खाली रेघ मारली होती, दोनदा. मी सांगत राहिले की आवाज परत येणार आहे, थोड्या दिवसांत नळी निघेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कालपर्यंत जे लोक खोटं बोलले ते आज खरं बोलत आहेत, असं त्यांनी का मानावं? पुढे त्यांची जीभ बऱ्यापैकी चालायला लागली, पण गिळण्याचे व्यायाम त्यांनी कितीतरी दिवस मनापासून केले नाहीत. माझ्या हाताने केलेलं काम चांगलं होतं आणि तरी मी त्यांना नीट सांभाळलं नाही, हे मी तेव्हापासून कधीच विसरले नाही. त्यानंतर कोणाच्याही मुलांनी कितीही विनवलं, तरी रुग्ण विचारत असेल तर मी त्याच्यापासून लपवत नाही. तुमच्या डॉक्टरांचं 'मला त्यांच्याशीच बोलायचंय' हे वाक्य वाचून मला त्यांच्याबद्दल भरवसा वाटला तो याच कारणाने.

शिवाय संमती बाबांची लागते, तुमची किंवा भावाची नाही. शुद्धीवर असलेल्या, समजूतदार माणसाच्या जिभेबद्दलचा निर्णय त्याच्या पाठीमागे होऊ शकत नाही.

आता मान. तोंडातून सुटलेली कॅन्सरची पेशी बहुतेकदा पहिल्यांदा मानेतल्या लसीका गाठींमध्ये (लिम्फ नोड्स, म्हणजे प्रत्येकाच्या शरीरात मुळातच असलेल्या छोट्या गाठी) थांबते. पेशींचा लहानसा पुंजका असेल तर तो कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. गाठ नेहमीच्याच आकाराची असते आणि आत रोग असतो. स्कॅनच्या 'काही नाही'चा अर्थ 'दिसण्याएवढं काही नाही' असा घ्यायचा. मग आधीच गाठी काढाव्यात, की वाट पाहून, उगवल्या तर काढाव्यात? यावर सर्जन मंडळी कित्येक वर्षं भांडली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हा वाद बऱ्याच अंशी मिटवला. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर आणि मान स्वच्छ, असे रुग्ण त्यांनी दोन गटांत वाटले. एका गटाची मान तोंडाबरोबरच साफ केली, दुसऱ्या गटावर लक्ष ठेवून गाठ आली तरच केली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के लोक हयात होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. बाबांची गाठ आठ मिलिमीटर खोल आहे. तुमचे डॉक्टर मान करायची म्हणतात त्यात अतिरेक नाही. मी तुमच्या जागी असते तर मान करणार नाही म्हणणाऱ्याला कारण विचारलं असतं.

मानेच्या ऑपरेशनची भीती मात्र पूर्वीची आहे, आणि ती उगीच नव्हती. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल यांनी हे ऑपरेशन पद्धतशीर मांडलं तेव्हा गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी नस, सगळंच जात असे. माणूस वाचे, पण मान बसकी आणि खांदा पडलेला. पुढे अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो सुआरेझ यांनी दाखवलं, की गाठी ज्या चरबीच्या आवरणात असतात ते आवरण तेवढं सोलून काढता येतं, बाकीचं जागच्या जागी ठेवून. आज बाबांसारख्या रुग्णात मानेच्या वरच्या भागातल्या ठरावीक गाठीच काढतात. तरी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : खांद्याची नस आणि खालच्या ओठाचा कोपरा हलवणारी बारीक नस. नस वाचवली तरी तिला ताण बसतो, खांदा काही महिने दुखू शकतो, हात वर न्यायला जड जातो. त्यासाठी फिजिओथेरपी लवकर सुरू करायची. याबद्दल आधी कोणी बोलत नाही आणि नंतर रुग्णाची तक्रार खांद्याचीच जास्त असते.

काकांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की सुरीने कॅन्सर पसरत नाही. उशीर झालेल्या रुग्णांचं ऑपरेशन झालं आणि तरीही रोग परत आला, हे लोकांनी पाहिलं. त्यातून हा समज पक्का झाला. पाळायची गोष्ट एकच असते, ती म्हणजे गाठीच्या कडेपासून पुरेसं निरोगी मांस सोडून कापणं. पॅथॉलॉजीच्या अहवालात ही कड किमान पाच मिलिमीटर असावी असं आम्ही धरतो. काढलेलं मांस आकसतं, म्हणून प्रत्यक्षात सेंटिमीटरभर अंतर ठेवून कापतात. अडीच सेंटिमीटरच्या गाठीसाठी अर्धी जीभ का, याचं उत्तर या बेरजेत आहे.

दुसरं मत जरूर घ्या. चांगला सर्जन रागावत नाही, उलट स्लाइड आणि एमआरआयची सीडी काढून देतो. फक्त त्यात आठवड्यांवर आठवडे घालवू नका. आणि दोन्हीकडे एक विचारा : हा निर्णय ट्यूमर बोर्डात झाला आहे का? म्हणजे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, औषधांचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात ती बैठक. एकट्याने ठरवण्याचा हा आजार नाही. दातांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवून घ्या. ऑपरेशननंतर रेडिएशन लागेल की नाही हे अहवालावर ठरेल, लागलं तर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, आणि रेडिएशन दिलेल्या जबड्यातला दात नंतर काढणं फार त्रासाचं असतं. हाड भरून येत नाही. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आजपासून बंद. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण मी सगळ्यांनाच सांगते.

बोलण्याबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. प, ब, म ओठांचे, ते चालतील. क, ग जिभेच्या मागच्या भागाचे, तेही बहुधा सांभाळले जातील. ट, ड, ळ, र यांना जिभेचं टोक वर उचलून टाळूला टेकवावं लागतं, हे अडखळतील. नवी कातडी जागा भरते, आकार देते, पण ती स्वतः हलत नाही. उरलेल्या निम्म्या जिभेने दोघींचं काम करायचं असतं आणि ती ते शिकते. स्पीच थेरपिस्टबरोबर काही महिने रोज सराव केलेले लोक फोनवर बोलतात, अनोळखी माणसाला त्यांचं कळतं. भाषा शिकवलेल्या माणसाला वर्णांची स्थानं कोणी सांगायला नको. मूर्धन्य म्हणजे काय हे बाबा थेरपिस्टलाच समजावतील. आणि म्हणूनच हे त्यांना आधी कळायला हवं. जे शस्त्र त्यांच्या हातात आयुष्यभर आहे ते तुम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलंय.

खचतील का? काही दिवस खचतील. पहिल्या रात्री कदाचित जेवणार नाहीत. पण मला असं वाटतं की दोन महिने बरा न होणारा फोड, बायोप्सी, एमआरआय, आणि दारापाशी कुजबुजणारी मुलं, हे सगळं पाहून त्यांना अंदाज आलेला असणार. ते तुम्हाला सांभाळण्यासाठी गप्प असतील. पुढच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघं त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "बाबा, तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असेल?" त्यांना आधी बोलू द्या. ते ज्या शब्दापर्यंत येतील तिथून पुढे तुम्ही बोला. बाकीचं डॉक्टरांवर सोपवा. आत जाताना बाबा पुढे, तुम्ही मागे. त्यांचे प्रश्न कागदावर त्यांच्या अक्षरात असू द्या. भावाने डॉक्टरांना जाऊन एवढंच सांगावं, की मी मागे जे म्हणालो ते राहू द्या.

आणि हे सगळं बोलून झाल्यावर, ऑपरेशनच्या आधीच्या एखाद्या सकाळी, पेपर वाचताना फोन समोर ठेवून त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. लपून नाही, त्यांना सांगून. अग्रलेख वाचायला सांगा, त्यात ळ भरपूर येतात. स्पीच थेरपिस्ट पहिल्याच दिवशी ते रेकॉर्डिंग मागेल, कारण त्यांना परत कुठवर न्यायचंय हे तिला त्यातूनच कळणार आहे. गाठींचा आणि कडांचा अहवाल हातात आला की मला पुन्हा लिहा.